चीनला जायच्या वर्षीची कापणी

कार्तिक लागला की कर्जतला आमच्या भिसेगावात अजूनही दोन-चार दिवस तो वास येतो. आता आमच्या घरामागे शेतं उरली नाहीत. रुळांपलीकडे कुणाचा तरी एक तुकडा अजून पिकतो. तिथलं भात कापून आडवं पाडलं की दुपारच्या उन्हात ते तापतं, आणि ओल्या पेंढ्याचा, थोडा गोडसर, थोडा आंबूस वास वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येतो. या वासानं लोकांना दिवाळी आठवते, माहेर आठवतं. मलाही माहेर आठवतं, पण त्याच्याआधी एक शहर आठवतं, जे मी कधीच पाहिलं नाही. शांघाय. आणि शांघाय आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. इतकी वर्षं झाली, तरी होतात.

ऐंशीनंतरची ती वर्षं. माझे यजमान तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात फोरमन होते. सकाळी कर्जतहून चौक गावाच्या एसटीनं जायचं, तिथून कंपनीची बस पकडायची, आणि संध्याकाळी अंगाला औषधासारखा उग्र वास घेऊन परत यायचं. आमच्या घरात त्या वासाला ‘पगाराचा वास’ म्हणत. गणपती उठल्यावर एके दिवशी ते घरी आले ते चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “कुसुम, कंपनी चीनहून एक मशीन घेतेय. ते तिथं चालताना बघायला दोघांना पाठवणार आहेत. मॅनेजरसाहेब, आणि मी.”

मी कणीक मळत होते. “चीनला?” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“शांघायला. मुंबईपेक्षा मोठं शहर आहे म्हणे.”

मुंबईपेक्षा मोठं काही असतं, हेच मला तेव्हा पटेना. आमच्या मुलीनं, नंदानं, शाळेचा नकाशा आणला आणि जमिनीवर पसरला. कर्जत त्यात नव्हतंच. आम्ही मुंबईवर बोट ठेवलं आणि तिथून उजवीकडे सरकवत नेलं, डोंगरांच्या तपकिरी रंगावरून, हिरव्या मैदानांवरून, थेट समुद्राच्या काठापर्यंत. पोरीचं बोट तपकिरी भागावरून गेलं तेव्हा मीही ते बघत होते. त्या रंगावर कुणाचं नाव लिहिलेलं आहे, असं मला जरासुद्धा वाटलं नाही.

मॅनेजरसाहेबांनी यांना एक रंगीत पुस्तिका दिली होती. तिच्यात नदीकाठी उभ्या असलेल्या दगडी इमारती होत्या, त्यांच्यासमोर रुंद रस्ता, आणि रस्त्यावर सायकलीच सायकली. इतक्या सायकली की रस्ता वाहतोय असं वाटावं. मी ते चित्र रोज बघायची. भांडी घासून झाली की हात पुसून बघायची. त्या गर्दीत आमचे हे कुठून चालतील, रस्ता कसा ओलांडतील, हरवले तर कुणाला काय विचारतील, असं मनातल्या मनात ठरवत बसायची. मला वाटतं, त्या दिवसांत शांघायमध्ये यांच्यापेक्षा जास्त मीच हिंडले.

तयारीला तर ऊत आला. चिनी लोक काड्यांनी जेवतात हे कळल्यावर नंदानं माझ्या विणायच्या सुया आणल्या. रोज जेवण झालं की वडील-मुलगी ताटलीत शेंगदाणे घेऊन सुयांनी उचलायला बसत. शेंगदाणा उडून कधी पाण्याच्या हंड्यात पडे, कधी देवाच्या फळीवर. ‘आभारी आहे’ला तिकडे ‘शिये शिये’ म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं होतं. हे पहिल्यांदा भाजी वाढून घेताना मला “शिये शिये” म्हणाले, आणि पोरगी हसून हसून पाटावरून खाली पडली. तिला वाटलं, बाबा भाजीला नावं ठेवतायत.

बाजारातल्या शिंप्यानं कोट शिवायला घेतला आणि अर्धा शिवून झाल्याझाल्या दुकानाच्या तोंडाशीच टांगला. येणारा-जाणारा विचारी, तो सांगे, “हा चीनला जायचा कोट.” पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा आळीतल्या बायका आधी घाबरल्या, आणि खरं कारण कळल्यावर एकेक करून चहाला आल्या. कुणाला तिकडचं पेन हवं होतं, कुणाला थर्मास. शेजारच्या मास्तरीणबाईंना खरं रेशीम हातात धरून बघायचं होतं. “नाही आणलंत तरी चालेल, पण बघून या कसं असतं,” असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं बोलणं फार आवडलं. मी सगळ्यांना हो म्हणत होते. माझी मान त्या महिन्यात जरा उंच झाली होती. आरशात मला ती दिसायची.

दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी गेलो. खालापूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथं तर बातमी आमच्या आधी पोचली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीच्या थांब्यावरच उभे. पाडव्याला मारुतीच्या देवळासमोर गावानं जावयाचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, झेंडूचा हार. सरपंचांचं भाषण झालं. “आपल्या गावचा जावई साता समुद्रापलीकडं चीनला चाललाय,” असं ते म्हणाले. समुद्र वाटेत लागतो की नाही याची कुणाला फिकीर नव्हती. टाळ्या पडल्या. यांनी हार काढून हातात घेतला, पुन्हा गळ्यात घातला, पुन्हा काढला. बोलायला सांगितल्यावर “आपला आशीर्वाद असू द्या” एवढंच म्हणून बसले. मी बायकांत बसले होते. नव्या साडीचा काठ मांडीवर सरळ करत होते.

त्याच वेळी मागच्या ओळीतून एक बाई उठून गेली. भागीकाकू. मला ती पाठमोरी दिसली, आणि मी साडीच्या काठाकडे परत बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या खळ्यावर झोडणी होती. खळं सारवून टणक केलेलं, मधे फळी आडवी टाकलेली, आणि आप्पा, माझा भाऊ, दोन गडी एकेक पेंडी उचलून तिच्यावर आपटत होते. धप्, धप्. दाणे उडून पायांवर टोचत होते. यांनीही शर्ट काढून बनियनवर पेंडी हातात घेतली होती. कारखान्यातला माणूस, हात मऊ पडलेले, पण त्यांना ते काम आवडायचं. मी सुपानं भात वारवत होते. फोलपटं उन्हात सोनेरी होऊन एका बाजूला उडत होती.

भागीकाकू खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. आधी कुणी बघितलं नाही. मग आप्पांनी बघितलं आणि त्यांचा हात थांबला. मग गड्यांचे थांबले. शेवटी फक्त यांचीच पेंडी आपटल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

भागीकाकू म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. नवरा फार आधी वारलेला. एकच मुलगा, सदू. सदू पलटणीत गेला होता. सुट्टीवर आला की आम्हा पोरांना ओढ्यापलीकडे एकेक करून खांद्यावरून न्यायचा. मलाही नेलेलं आहे. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा आणि तो चालताना मुद्दाम डुलायचा, म्हणजे आम्ही ओरडू. बासष्ट साली, अशाच कापणीच्या दिवसांत, तो वर बर्फात चिन्यांशी लढायला गेला आणि परत आला नाही. प्रेत आलं नाही, कपडे आले नाहीत. ‘सापडत नाही’ एवढंच सरकारनं कळवलं. काकूनं त्याचं दिवसपाणी कधी केलं नाही. गाव आधी समजावत होता, मग कंटाळला, मग हसायला लागला, आणि पुढे हसायचंही विसरला.

ती यांच्यासमोर आली. म्हणाली, “जावईबापू, तुमी चीनला जानार म्हनं?”

“हो काकू.”

“मंग माज्या सदूला इचाराल का तितं?”

मी सूप धरून तशीच उभी होते. हे खाली बसले, म्हणजे ती बुटकी बाई त्यांच्यापेक्षा उंच झाली. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “काकू, मी जातोय ते शहर समुद्राकडे आहे. ते बर्फाचे डोंगर तिथून फार लांब.”

“पन मुलूख त्येंचाच ना?”

“मुलूख त्यांचाच.”

“मंग झालं की. येका मुलखातली मान्सं. कुनाला तरी ठावं आसंल.” मग ती सदू ओळखायचा कसा ते सांगायला लागली. रंगानं सावळा. डाव्या भुवईला लहानपणी खोक पडली होती, तिथं केस नाहीत. हसला की डोळे मिटतात. “बावीस वर्सांचा हाय,” ती म्हणाली.

बावीस. माझ्यापेक्षा लहान. मी ज्याच्या खांद्यावर बसून ओढा ओलांडला तो सदू आता माझ्यापेक्षा लहान होता, आणि तिला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

आप्पा पुढे झाले. “भागे, घरी जा गं. जावयाला कामं हायत तितं.” आणि यांच्याकडे वळून, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “मनावर घेऊ नका. डोस्कं फिरलंय तिचं.”

हे उठून उभे राहिले. आप्पांकडे त्यांनी बघितलं नाही. “विचारतो काकू,” ते म्हणाले. “भेटेल त्याला विचारतो.”

ती मान हलवून गेली. झोडणी पुन्हा सुरू झाली, पण ताल काही जमेना. धप् एकाची, मग मधेच दुसऱ्याची.

लाजेला आपल्याकडे किती शब्द आहेत. नवी नवरी लाजते, चूक पकडली की माणूस वरमतो, नको तिथं पोचला की ओशाळतो, फजिती झाली की खजील होतो. त्या दिवशी मला जे झालं त्याला यातला कुठलाच शब्द पुरेना. मी काही केलेलं नव्हतं. फक्त दोन महिने आमच्या घरात ‘चीन, चीन’ चाललं होतं, सुयांनी शेंगदाणे उचलले जात होते, रेशमाच्या गप्पा होत होत्या, आणि एकदाही, एका क्षणालाही मला सदू आठवला नव्हता. मलाच काय, सत्काराला जमलेल्या अख्ख्या गावात तो एका बाईलाच आठवला होता, आणि ती बिचारी टाळ्या वाजत असताना उठून गेली होती.

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत होते. कापलेल्या शेतांतून ठिकठिकाणी भारे रचलेले दिसत होते. मधेच म्हणाले, “इंग्रजीत कसं विचारायचं ते बघायला हवं.” मला वाटलं होतं, म्हाताऱ्या बाईचं मन राखायला ते हो म्हणाले. पण ते खरंच विचारणार होते. त्या दिवसापासून सुया आणि शेंगदाणे बंद झाले. संध्याकाळी ते मास्तरीणबाईंच्या यजमानांकडे जाऊन दोन-तीन वाक्यं बसवून घ्यायचे, आणि घरी आल्यावर आंघोळीच्या मोरीत ती पुटपुटायचे.

आणि मग जायच्या आदल्या आठवड्यात ते नेहमीच्या बसनं घरी आले, चप्पल काढली, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, “एकालाच पाठवतायत. साहेब जातील.”

“आणि तुम्ही?”

“तुझं पुढच्या वेळी बघू, म्हणाले.”

बस. भांडण नाही, कारण नाही. पुढची वेळ कधी आली नाही. मशीन मात्र आलं, आणि नोकरी संपेपर्यंत तेच ते चालवत राहिले. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवसांत आम्हाला कर्जत फार लहान पडलं. कोट दुकानाच्या तोंडाशी टांगलेलाच होता. तो आणायला कुणी जायचं, यावर घरात दोन दिवस अबोला झाला. सत्काराचा नारळ तर आम्ही खाऊनही टाकला होता, त्याच्या वड्या करून आळीत वाटल्या होत्या. बाजारात कुणी “काय फोरमनसाहेब, कधी निघायचं?” विचारलं की हे हसून म्हणत, “जरा पुढं ढकललंय.” पुढे पुढे ते बाजारातून यायचेच बंद झाले. स्टँडवर उतरले की रुळांच्या कडेच्या पायवाटेनं, काटे-कुसळं चुकवत घरी येत. त्यांच्या पॅंटीला चिकटलेली कुसळं मी मुकाट्यानं काढायची.

एकदा भाजीवालीनं विचारलं, “साहेब गेले का वो चीनला?” माझ्या तोंडून निघून गेलं, “हो, गेले.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन आळीत आली, आणि हे बनियनवर नळाशी दात घासत होते. ती त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघायला लागली. मला कोथिंबिरीची जुडी जरा मोठीच दिली. ती जुडी मला आत नेववेना.

मी घरात एकच धोशा लावला होता. मास्तरीणबाईंना काय सांगायचं? आप्पांना काय सांगायचं? सरपंच विचारतील तेव्हा काय सांगायचं? हे ऐकून घेत. एका रविवारी त्यांनी कपडे घातले आणि म्हणाले, “चल, गावाला जाऊन येऊ. काकूला सांगायला हवं.”

आप्पांच्या घरी न जाता आम्ही आधी समोर गेलो. भागीकाकू अंगणात भात वाळत घालत होती. उघड्या पायानं ती दाण्यांत ओळी पाडत चालली होती, पाय न उचलता, घासत. आम्हाला बघून थांबली. “आलाव? या.” पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. हे बसले नाहीत.

“काकू,” ते म्हणाले, “मी चीनला गेलो नाही.”

साऱ्या कर्जतात त्यांनी हे वाक्य कुणालाही असं सरळ सांगितलं नव्हतं.

“म्हंजी?”

“मला पाठवलं नाही. दुसऱ्याला पाठवलं. सदूचं विचारायचं राहिलं.”

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता ती रडेल, बोलेल, कदाचित शिव्या देईल, असं धरून मी तिच्याजवळ सरकले होते. ती पायरीवर बसली. सावकाश बसली.

“कुनालाच इचारलं नाय?”

“नाही काकू.”

डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसा तिनं श्वास सोडला. “बरं झालं बाय,” ती म्हणाली. मला म्हणाली, यांना नाही. “त्या दिशी बोलून गेली नि मंग घास उतरंना घशाखाली. म्हनलं, आता ह्ये जातील, इचारतील, नि येऊन माज्या म्होरं हुबं ऱ्हातील. काय सांगतील? येवढ्या वर्सांत त्यो नाय आसं मला कुनी सांगितलं नाय गं. सरकारनं पन गावला नाय म्हनलं. गावला नाय, म्हंजी कुटं तरी हाय. माजं चाललंय त्येच्यावर. मीच खुळी, तुमाला इचारायला लावायची.”

आम्ही तिला समजवायला म्हणून वाटभर जुळवून आणलेले शब्द तसेच आमच्याजवळ राहिले. समोर आप्पांच्या दारात कुणी तरी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागली, मी वळून पाहिलं नाही.

मग ती उठली. यांच्याजवळ गेली, मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं.

“अन् तुमाला?” ती म्हणाली. “तुमाला लय वाईट वाटलं आसंल न्हवं? येवढी तयारी केल्याली.”

हे नेहमीसारखे हसायला गेले. ‘पुढं ढकललंय’ म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं असावं. पण हसू आलं नाही. ते वाळत घातलेल्या भाताच्या कडेला खाली बसले, दोन्ही हातांत तोंड धरलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मी तिथंच, पाण्याचा तांब्या हातात धरून. एवढे दिवस एका घरात, एका ताटाशी बसून, लोकांना काय सांगायचं हे मी त्यांना रोज विचारलं होतं. तुम्हाला काय वाटलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.